आजीसोबत पाहिलेली लंका

पासपोर्टच्या अर्जात आजीची जन्मतारीख काय लिहायची, यावर आमच्या घरी दोन दिवस खल चालला. तिच्याकडं जन्माचा कसलाच कागद नव्हता. जन्म काटोलकडच्या एका खेड्यातला, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. वकील म्हणाले, प्रतिज्ञापत्र करून देऊ, अंदाजे वर्ष सांगा. तारीख बहुतेक जण एक जुलै टाकतात. आजी म्हणाली, "एक जुलै काऊन? चौदा ऑक्टोबर लिहा."

वर्ष १९३६ ठरलं. १४ ऑक्टोबर १९५६ला, म्हणजे बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दिली त्या दिवशी, ती विशीतली बाई होती. कडेवर माझे मोठे काका, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, आणि गावातल्या बायामाणसांबरोबर काटोलहून पायी चालत ती आली होती. त्या दिवशी आमचा नवा जन्म झाला असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. आजीच्या पासपोर्टवर ते सरकारी शिक्क्यानिशी छापून आलं.

हे २००४ सालचं. मी मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता. इंदोऱ्यातल्या आमच्या विहारातून अडतीस जणांची धम्मयात्रा श्रीलंकेला निघणार होती, बुद्ध जयंती तिकडं साजरी करायची म्हणून. माणशी बावीस हजार. आमच्या घरात तेवढे पैसे एकरकमी कुणी पाहिले नव्हते. पण आजी गल्लीतल्या बायांची भिशी चालवायची. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते तेव्हापासून, तीस वर्षं तरी. त्या वर्षी तिनं दोन नंबर धरले होते, आणि दोन्ही उचलले. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी. बाबा म्हणाले, "तिकडं लढाई चालू असते म्हणतात." आजी म्हणाली, "थांबली आता." विषय संपला. मीही तो तिथंच सोडला. माझं सगळं लक्ष विमानाकडं होतं.

जरीपटका ठाण्यातून हवालदार चौकशीला आले, चहा पिऊन गेले. पासपोर्ट पोस्टानं आले तेव्हा गल्लीतली अर्धी माणसं बघायला जमली होती.

जी.टी. एक्सप्रेसनं चेन्नईला गेलो. एग्मोरच्या महाबोधी सोसायटीत दोन रात्री काढल्या आणि तिथून कोलंबो. विमान तास-सव्वा तासाचं. वर गेलं, पेला पाणी दिलं, उतरलं. समुद्र ओलांडून परदेशात आलो याची खात्री पटावी असं त्यात काहीच नव्हतं. खात्री पटली ती बाहेर पडून बस सुरू झाल्यावर. पहिल्या चौकात काचेच्या पेटीत बुद्धाची मूर्ती. दुसऱ्या चौकात तशीच. तिसऱ्या चौकात आमची सगळी बस "साधू, साधू, साधू" म्हणत होती आणि आजी खिडकीच्या काचेला डोकं टेकवून रडत होती.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. आम्ही नागपूरकर. दीक्षाभूमीचे. नागपुरात आम्ही काही थोडेथोडके नाही. तरीही माझ्या शाळेत पहिल्या दिवशी बाई आडनाव विचारायच्या आणि वर्गातली दोन-चार डोकी मागे वळायची. धरमपेठेत एका मैत्रिणीकडं अभ्यासाला गेले की तिची आजी दर खेपेला नव्यानं विचारायची, "तुझं पूर्ण नाव काय गं बाळ?" अपमान करायची नाही, फक्त विचारायची. पंधराव्या वर्षी मला ते शब्दांत मांडता येत नव्हतं, पण कुठल्याही नव्या घराच्या दारात माझी मान आपोआप आखडायची. श्रीलंकेत त्या दहा दिवसांत ती एकदाही आखडली नाही. कुणी आडनाव विचारलं नाही. आपण बुद्धाची माणसं एवढं सांगितलं की समोरचे हात जोडायचे. डोळे मिटून कुठल्याही गावात उतरावं आणि तिथं आपलंच विहार असावं, असा तो देश होता.

वेसाकच्या, म्हणजे बुद्ध जयंतीच्या, रात्री कोलंबोत घराघरावर कागदी कंदील लागले होते, रस्त्यारस्त्यावर दान्सल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण. मुलं हात दाखवून बस थांबवायची आणि जेवायला चला म्हणायची. आमच्याकडं चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर अन्नदानाचे पेंडॉल लागतात, अगदी तसंच. आजी चार ठिकाणी जेवली. एरवी ती घराबाहेर चहासुद्धा घेत नसे.

नियम मात्र कडक होते. एकटं कुठं जायचं नाही. संध्याकाळी सहानंतर हॉटेलबाहेर नाही. रस्त्यावर शिपाई दिसला तर फोटो काढायचा नाही. मुलींनी बसच्या मधल्या सीटांवर बसायचं, दाराजवळ नाही. यात्रा नेणाऱ्यांनी पहिल्याच सकाळी हे सांगितलं आणि म्हणाले, "बाकी इथं एकदम शांत आहे. बुद्धाचा देश आहे." मी ते शब्दशः खरं मानलं. रस्त्यात वाळूची पोती रचलेले नाके लागायचे. बस थांबायची, बंदूकवाला शिपाई वर चढायचा, पांढऱ्या साड्या आणि पंचशील ध्वज पाहून हसायचा आणि उतरून जायचा. कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या, मंदिरासमोरचा रस्ता गाड्यांना बंद होता, आत जाताना पर्स उघडून पाहिल्या, अंग चाचपलं. मला वाटलं, केवढी मौल्यवान वस्तू आहे आत, तर एवढा बंदोबस्त असणारच. १९९८च्या जानेवारीत त्याच दारात स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला होता, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

बसवर एक क्लीनर होता. बावीस-तेवीस वर्षांचा, काळासावळा, अंगानं किडकिडीत. कुवेतमध्ये दोन वर्षं काम करून आलेला, त्यामुळं त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. म्हणूनच बहुधा भारतातून येणाऱ्या बसवर त्याला ठेवायचे. म्हाताऱ्या बायांना हात देऊन तो खाली उतरवायचा, कुणाची चप्पल कुठं राहिली ते त्याच्या लक्षात असायचं. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्याचं नाव काय, हे अडतीस जणांपैकी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

नाक्यावर शिपाई वर चढला की आमच्याकडं पाहून हसायचा, पण त्याला खाली उतरवायचा. दर वेळी. खिडकीतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसायची आणि ती अजूनही तितकीच स्पष्ट आठवते. शिपायानं मागायच्या आधीच त्याचा हात शर्टाच्या खिशाकडं गेलेला असायचा. ओळखपत्र त्यानं प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं होतं, पाकिटाच्या कडा हाताळून हाताळून पांढुरक्या झालेल्या. तो ते दोन बोटांत धरून पुढं करायचा, छातीच्या उंचीवर, हात जराही वर-खाली न करता. दुसरा हात शरीरापासून लांब, उघडा. शिपाई कार्डाकडं पाहायचा, त्याच्याकडं पाहायचा, पुन्हा कार्डाकडं. मग तो वर येऊन आम्हाला विचारायचा, "पानी? कोई पानी?"

मला वाटायचं, ड्रायव्हर-क्लीनरचे कागद तपासतातच. आमच्याकडं आरटीओ तपासतं तसं. ड्रायव्हरला मात्र कधी खाली उतरवत नाहीत, हे दिसत असूनही लक्षात आलं नाही.

अनुराधापूर हे यात्रेतलं सगळ्यांत मोठं ठिकाण. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून नेलेली बोधिवृक्षाची फांदी तिथं रुजली, तो वृक्ष अजून उभा आहे. त्याच झाडाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला आणून दीक्षाभूमीवर लावल्या. म्हणजे मी लहानपणापासून ज्या झाडाखाली खेळले, त्याचं हे माहेर. आजीला हे ठाऊक होतं. झाडाजवळ जाताना तिनं चपला फार लांबूनच काढल्या, तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत गेली.

फुलांच्या ताटल्या घेऊन सिंहली बायाही बसल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. आजीच्या वयाची एक बाई शेजारी येऊन बसली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती. मग त्या बाईनं सुरू केलं, "वण्णगंध गुणोपेतं..." आणि आजीनं पुढचं उचललं, "...एतं कुसुम संततिं, पूजयामि मुनिंदस्स सिरिपाद सरोरुहे." आजीचा उच्चार वऱ्हाडी, त्या बाईचा सिंहली, पण गाथा एकच. पुढं त्यांनी सगळी वंदना म्हटली, एक ओळ हिची, एक तिची. शेवटी त्या बाईनं आजीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काटोलच्या खेड्यात ज्या बाईला विहिरीवर आपला पोहरा लावता येत नव्हता, तिचा हात. त्या क्षणाबद्दल माझं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे. ते खोटं नव्हतं.

बाहेर आलो. बसपाशी क्लीनर पाण्याच्या बाटल्या भरत होता. तो आत आला नव्हता. मला वाटलं, तो हिंदू असेल. मी त्याला विचारलं, तुझं गाव कुठं? चौकात तीन लिप्यांत लिहिलेली पाटी होती. त्यानं उत्तरेच्या रस्त्याकडं बोट केलं. "उधर. वावुनिया, उसके आगे. एक घंटा."

"एकच तास? मग चला ना, जाऊन येऊ!" मी म्हणाले. सोळाव्याला टेकलेली पोरगी, नागपूरहून रामटेकला जायला लागतो तेवढा वेळ. तो हसला आणि म्हणाला, "जमीन है. घर नहीं है." मला वाटलं, गरीब असेल, बांधलं नसेल अजून.

नागपूरला परत आलो. विहारात माझं भाषण ठेवलं. मी अर्धा तास बोलले, शांतीचा देश, करुणेचा देश. टाळ्या पडल्या. अकरावीत मराठीच्या निबंधात तेच लिहिलं. त्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा आम्ही गल्लीतून पैसे गोळा करून पाठवले आणि मी हटकून म्हणायचे, "आमच्या श्रीलंकेला."

२००९च्या मे महिन्यात मी एम.ए.च्या तयारीला लागले होते. टीव्हीवर श्रीलंकेतली लढाई, म्हणजे तिथलं सरकार आणि वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारे बंडखोर 'तमिळ वाघ' यांच्यातली, संपल्याची बातमी सुरू होती, एका पट्टीत अडकलेली हजारो माणसं, चिखलातून गुडघ्यापर्यंत पाण्यात चालणाऱ्या बाया. माझी नजर बातमीवर होती आणि मनात एकच चाललं होतं, हे तर तिथं नव्हतं. आजी खाटेवर बसून निवडलेली तूरडाळ पाखडत होती. सूप थांबलं.

"त्या पोट्ट्याचं काय झालं असन वं?"

"कोणत्या?"

"आपल्या बसवरचा. क्लीनर." मग म्हणाली, "त्याची माय तिकडंच होती."

मी तिच्याकडं पाहतच राहिले. पाच वर्षं ती माझ्या भाषणांना मान डोलवत होती. हळूहळू तिनं सांगितलं. अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेच्या डोंगराला १८४० पायऱ्या आहेत म्हणतात. गुडघ्यामुळं तिला वर जाता आलं नव्हतं, ती बसमध्ये थांबली होती, आणि तोही. दोन तास दोघं बोलत बसले होते, त्याचं कुवेतचं हिंदी आणि तिचं नागपूरचं. तो तमिळ होता. त्याच्या घराच्या जागेत सुरुंग पेरलेले होते. थोरला भाऊ १९९६पासून बेपत्ता, कुणी नेला ते कळलं नाही. आई नातेवाइकांकडं, तो इकडं बसवर, कारण तिकडं राहिला असता तर वाघ पोरं उचलून लढायला नेत होते, आणि इकडं राहिला तर शिपाई रोज नाक्यावर उतरवत होते.

मी चिडले. "तू मला का नाही सांगितलंस?"

"तुले सांगितलं असतं तर तू तेच पाह्यलं असतं." ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मले वाटे का तुनं एक डाव तरी असं गाव पाहावं जिथं कोणी आडनाव नाही इचारत."

"त्याला विचारत होते ना! रोज विचारत होते."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर भाजीवाल्याचा आवाज येऊन गेला. मग म्हणाली, "हो. त्याले इचारत होते."

त्यानंतर मी वाचायला घेतलं. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारमुळंच शिकवते. पहिला धक्का एका सालाचा बसला. १९५६. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याचा उत्सव दोन्ही देशांत चालू होता. त्याच वर्षी आजी काटोलहून पायी निघाली आणि गुलामी टाकून परत गेली. त्याच वर्षी श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला, आणि त्यासाठी सगळ्यांत पुढं होते त्यात भिक्खूही होते. लाखो तमिळ माणसं एका कायद्यानं आपल्याच देशाच्या कचेरीत अडाणी ठरली. तीन वर्षांनी तो कायदा आणणाऱ्या पंतप्रधान बंडारनायकेंना गोळ्या घातल्या, त्याही एका चीवरधारी भिक्खूनं. तो उतारा मी तीनदा वाचला. चीवर पाहिलं की आपोआप वाकायचं, हे माझ्या हाडात आहे.

दुसरा धक्का जास्त जवळचा होता. कँडीच्या दंतधातूची व्यवस्था ज्या भिक्खूसंघाकडं आहे, तो सियाम निकाय १७५३मध्ये उभा राहिला आणि पुढं त्यानं उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, फक्त गोविगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या शेतकरी जातीपुरती ठेवली. जातीमुळं दीक्षा नाकारलेली माणसं १८००च्या सुमारास ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आली आणि त्यातून अमरपूर निकाय हा वेगळा संघ झाला. म्हणजे ज्या मंदिरात आजीनं कपाळ टेकलं, ज्या देशात १९५०मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब स्वतः येऊन गेले, तिथंही ती चौकट होती. मी आजीला हे सांगितलं नाही. सांगावं की नाही यावर वर्षभर विचार केला आणि नाही सांगितलं. आता वाटतं, तिनं माझ्यासाठी जे केलं तेच मी तिच्यासाठी केलं. ते बरोबर होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

इतिहास वाचायला लागलं की सोपी बाजू हाती लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. ज्या बोधिवृक्षाखाली दोन म्हाताऱ्यांनी गाथा म्हटली, तिथंच १४ मे १९८५ रोजी तमिळ वाघांनी पूजेला आलेल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी अनुराधापुरात आणि आसपास शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात पांढऱ्या कपड्यांतल्या बाया होत्या, भिक्खू होते. ती गाथा सुरू करणारी बाई त्याच गावची असेल तर तिनं तो दिवस पाहिलेला असणार. अंग चाचपण्याचं कारण होतं. पण १९८३च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं याद्या घेऊन शोधून जाळली, तेही होतं. आणि २००९च्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत सामान्य नागरिक मेले असू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०११मध्ये लिहिलं. यादी घेऊन घर शोधणं म्हणजे काय, हे वाचताना मला दरवाज्यावरचं आमचं आडनाव आठवत होतं.

यात्रा नेणाऱ्यांवर मला बरीच वर्षं राग होता. शस्त्रसंधी फेब्रुवारी २००२ची, म्हणूनच आम्हाला अनुराधापूरपर्यंत जाता आलं; हे त्यांना ठाऊक असणार. अडतीस माणसांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर निम्मी माणसं आलीच नसती, हेही खरं. पण एखाद्या जागेला पवित्र म्हणताना तिथल्या कुणाला बसपाशी थांबावं लागतं, एवढं तरी सांगायला हवं. मी आता मुलांना सहलीला नेते तेव्हा आदल्या दिवशी एक तास घेते. मुलं कंटाळतात. घेते तरी.

आजी २०१२मध्ये गेली. तिच्या पेटीत भिशीच्या वह्या निघाल्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेलं गोल, मोठं अक्षर. तिचे हिशोबाचे दोन रकाने असायचे, 'उसने' आणि 'देल्ले'. यात्रेचं एक पान होतं, लंकेच्या रुपयांत. फुलं २०. शहाळं ३०. पोट्टीले छत्री २५०. फुलं २०. आणि मिहिंतलेच्या दिवशी, 'देल्ले'च्या रकान्यात, बसचा पोट्टा १०००. स्वतःसाठी तिनं काहीही घेतलेलं नव्हतं.

२०१८च्या जानेवारीत मी पुन्हा गेले. या वेळी कॉलेजातली एक सहकारी सोबत. कोलंबोहून रेल्वेनं थेट उत्तरेकडचं, तमिळांचं जाफना गाठलं. मुद्दाम उलटं जायचं ठरवलं होतं, त्या क्लीनरच्या गावाच्या बाजूनं अनुराधापूरला यायचं.

जाफन्याचं वाचनालय पाहिलं. पांढरी, घुमटाची देखणी इमारत, समोर सरस्वतीची मूर्ती. १९८१मध्ये, ३१ मेच्या रात्री ते जाळलं. नव्वद हजारांहून जास्त पुस्तकं, ताडपत्रावरची जुनी हस्तलिखितं. आता पुन्हा बांधलंय. मुलं अभ्यास करत बसली होती, पंखे फिरत होते. मी एका बाकावर बसले आणि उठवेना. ज्या माणसानं पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं, त्याच्या घरातली मी. पुस्तकं जाळणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जाफन्याहून बसनं दक्षिणेकडं निघालो, ए-९ रस्त्यानं. मुहमालैच्या आसपास रस्त्याच्या कडेनं लाल पाट्या होत्या, कवटीचं चित्र आणि तीन भाषांत सूचना. सुरुंग काढायचं काम अजून चालूच होतं. पाट्यांच्या पलीकडं ताडाची झाडं, काहींचे शेंडेच नाहीत. किलिनोच्चीला लढाईत आडवी पडलेली प्रचंड पाण्याची टाकी बघायला सहली थांबत होत्या, लोक फोटो काढत होते. आम्ही उतरलो नाही. वावुनियाच्या अलीकडं कुठं त्याची जमीन असेल, हे मी प्रत्येक गावाला पाहत होते. शोधत होते असं म्हणता येणार नाही. काय शोधणार? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही.

वावुनियाला बस दहा मिनिटं थांबली. तिथून निघाल्यावर मी घड्याळ लावून बसले. आधी पाट्यांवर तमिळ वर होतं, मग केव्हातरी सिंहली वर आलं. पहिला पांढरा स्तूप दिसला. चौकातली पाटी आली. एक तास दहा मिनिटं. त्यानं बरोबर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोधिवृक्षापाशी गेले. दारात बाई शिपायानं अंग चाचपलं, मी हात शरीरापासून लांब, उघडे धरून उभी राहिले. फुलं घेतली, वीस रुपयांत आता काही येत नाही. फरशी गार होती. शेजारी शाळेच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्याबरोबर सगळी वंदना म्हटली. शेवटी पुण्य वाटून देण्याची गाथा येते, "इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो", हे माझ्या नातलगांना लाभो. इथं ज्याच्या-त्याच्या मनातली नावं घ्यायची असतात. मी आजीचं नाव घेतलं. मग त्याचं घ्यायला गेले आणि अडखळले. आजीनं वहीत जे लिहिलं होतं, तेच हळू आवाजात म्हटलं. बसचा पोट्टा.